साखरेत गुंडाळलेलं लोखंड

"सहा पॉइंट चार."

सिस्टरनी आकडा मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

उधव्याच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी होती. मी आमच्या पाड्यावरच्या पाच जणींना ईको गाडीत बसवून घेऊन आले होते. पाचही जणींच्या बोटातून रक्त काढून झालं होतं. कुणाचं दहा भरलं, कुणाचं नऊ, एकीचं साडेआठ. साडेआठवालीला मी सगळ्यांसमोर झापत होते, "गोळ्या खात नाहीस ना? खरं सांग!" तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "जयवंती, तुझंही बघून टाकू. तुझा सहावा महिना चालू आहे ना?"

मी हसत बोट पुढे केलं. मशीनवर आकडा आला. मी आणलेल्या पाच जणींपेक्षा माझं रक्त कमी होतं. नुसतं कमी नाही, पार तळाला गेलेलं. साडेआठवाली माझ्याकडे बघत होती. ते मला जास्त लागलं.

मी आशा आहे. आशा म्हणजे गावात आरोग्याचं काम करणारी गावातलीच बाई. कुणाला दिवस गेले की नोंद करायची, तपासणीला न्यायचं, बाळंतपण दवाखान्यातच होईल हे बघायचं, बाळाच्या लशी चुकू द्यायच्या नाहीत. आणि लोहाच्या लाल गोळ्या घरोघरी द्यायच्या. नऊ वर्षं मी हेच करते आहे. तळासरी तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर मला नावाने कमी आणि 'आशाताई' म्हणूनच जास्त ओळखतात.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग. आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू तो अंगभर पोचवतो. तो तयार व्हायला लोह लागतं. गरोदरपणात तो अकराच्या वर हवा. सातच्या खाली गेला की त्याला सिव्हिअर अ‍ॅनिमिया म्हणतात, म्हणजे रक्ताची गंभीर कमतरता. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी अशी बाई वाचवणं अवघड होतं. हे सगळं मी दुसऱ्यांना इतक्या वेळा सांगितलंय की मला ते पाठ आहे.

"गोळ्या घेतेस ना?" सिस्टरनी विचारलं.

"हो तर," मी म्हणाले.

ते खोटं होतं.

---

खरं म्हणजे शरीर दोन महिने सांगत होतं. भात झोडून झाला होता, घरात तांदूळ भरपूर होता. पाखडताना मी मूठमूठ कच्चे तांदूळ खायची. आधी चार दाणे, मग येता-जाता. सासूबाई हसायच्या, "डोहाळे लागलेत पोरीला." मलाही तसंच वाटायचं. आमच्या घराकडे यायला छोटा चढ आहे. त्या चढावर मी दोनदा थांबायला लागले. दुपारी डोळे मिटायचे. एकदा आरशात जीभ पाहिली तर ती पांढुरकी, गुळगुळीत झाली होती. दुसऱ्या कुणाची अशी जीभ पाहिली असती तर मी त्याच दिवशी तिला गाडीत घातलं असतं.

गोळ्यांचं असं झालं. पहिल्या मुलीच्या वेळी मी त्या नीट घेतल्या होत्या. या वेळी मात्र गोळी पोटात गेली की तासाभरात उलटी. उलटी नाही झाली तर पोट तीन-तीन दिवस साफ नाही. तोंडात सारखी गंजल्यासारखी चव. सात-आठ गोळ्या घेतल्या आणि सोडल्या. घरच्यांना कळू नये म्हणून रोजची एक गोळी पाकिटातून काढायची आणि परसातल्या केळीच्या बुंध्याशी मातीत दाबून टाकायची. सगळ्यांना गोळी खा म्हणून सांगणारी मी स्वतः गोळी खात नाही, हे कुणाला कसं सांगणार?

दोन वर्षांपूर्वी माझा एक गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला होता. तेव्हा खूप रक्त गेलं होतं. ती झीज कधी भरून निघालीच नव्हती. हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितला.

---

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि दुसऱ्याच दिवशी डहाणूला जायला सांगितलं. माझे मिस्टर उंबरगावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहेत. त्यांनी रजा टाकली. मुलीला माझ्या आईकडे ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "मी येते. दवाखान्यात बाईमाणूस पाहिजे."

रुग्णालयाचं आणि डॉक्टरांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मला भेटले तसे डॉक्टर सगळ्यांना भेटोत, एवढंच म्हणते. त्या साधारण माझ्याच वयाच्या होत्या, नाशिककडच्या. हळू बोलायच्या आणि बोलताना कागदाकडे न बघता आपल्याकडे बघायच्या. मी त्यांना मॅडमच म्हणते.

मॅडमनी कार्ड पाहिलं. माझं कार्ड मीच भरलेलं. दर महिन्याच्या रकान्यात 'गोळ्या दिल्या, गोळ्या घेतल्या' अशा बरोबरच्या खुणा.

"तीन महिने रोज गोळी घेतलीत?"

"हो मॅडम."

"एकही चुकली नाही?"

"एखादी चुकली असेल."

त्यांनी कार्ड पुन्हा वरून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "तीन महिने लोह घेऊनही रक्त इतकं खाली आलंय, म्हणजे काहीतरी वेगळं आहे. एक तर आतून कुठेतरी रक्त जातंय, नाही तर शरीर रक्त नीट तयार करत नाहीये. शोधावं लागेल."

मला भरती करून घेतलं. तपासण्या सुरू झाल्या. मलेरियाची झाली. पोटातल्या जंतांसाठी शौचाची झाली. सिकलसेलची झाली. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या गोल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. आईबापाकडून येतो, आमच्या भागात बऱ्याच घरांत आहे. तो असला तर शरीरातलं लोह आधी मोजल्याशिवाय वरून लोह देता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. म्हणून सीरम फेरिटिन नावाची तपासणीही पाठवली. शरीराने लोहाचा किती साठा ठेवलाय ते तिच्यातून कळतं.

तीन दिवस आम्ही रिपोर्टांची वाट पाहिली. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर एक लांब बाकडं होतं. सासूबाई त्यावर पाय वर घेऊन बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला विचारायच्या, "तुला काय झालंय गं बाय?" चिंचणीची एक मासे विकणारी बाई, मसोलीची एक शिक्षिका, रेल्वेतल्या एकाची आई, अशा सगळ्यांचे आजार त्यांना तिसऱ्या दिवशी तोंडपाठ होते. मी मात्र कुणाशी बोलत नव्हते. प्रत्येक सुई टोचताना मला वाटायचं, ही सुई मी माझ्या खोटेपणासाठी घेते आहे.

सिकलसेल नाही, असा रिपोर्ट आला. मलेरिया नाही. जंत नाहीत. फेरिटिन अगदी कमी, म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ संपलेला.

चौथ्या दिवशी सकाळी मॅडम राउंडला आल्या. मिस्टर आणि सासूबाई खाटेजवळ उभे होते. मॅडम मिस्टरांना म्हणाल्या, "साठा रिकामा आहे, पण गोळ्या घेऊनही तो रिकामा का, ते कळत नाही. उद्या यांना मुंबईला मोठ्या रुग्णालयात दाखवू. तिथले रक्ताचे डॉक्टर ठरवतील. कदाचित बोन मॅरो टेस्ट करावी लागेल. हाडाच्या आतला मगज सुईने काढून तपासतात."

मिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून फोन काढला आणि कुणाला विचारावं, कसं जावं, या विचारात ते नुसतेच फोनकडे बघत राहिले. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "हाडात सुई? पोटुशीला?"

आता पुढे गप्प राहणं मला जमलं नाही.

"मॅडम, मी गोळ्या खाल्ल्या नाहीत."

"किती दिवस?"

"पहिल्या सात-आठच खाल्ल्या. बाकीच्या पुरल्या."

"पुरल्या?" मिस्टर म्हणाले.

"केळीखाली."

मला वाटलं, आता मॅडम ओरडणार. नऊ वर्षं मी जशी ओरडते तशी. आशा असून असं करतेस, लाज नाही वाटत, असं काहीतरी. पण त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "गोळी घेतली की काय व्हायचं?"

मी नऊ वर्षांत कुणालाही हा प्रश्न विचारला नव्हता. मला रडू फुटलं. उलट्या, पोट, ती गंजाची चव, सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचं रक्त जाणंही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"बरं झालं आज बोललात," त्या म्हणाल्या. "उद्याची मुंबई वाचली. तुमचं शरीर बिघडलेलं नाही, उपाशी आहे. त्याला लोह द्यायचं, पण पोटाच्या वाटेने नको, दुसऱ्या वाटेने देऊ."

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. "डॉक्टरबाय, एक सांगू? मी पण बीपीच्या गोळ्या खात नाही. ही देते, मी घेते आणि धान्याच्या कणगीमागे टाकते."

मॅडम हसल्या. मग लगेच त्यांनी सासूबाईंचं बीपी तपासायला सांगितलं. ते एकशे ऐंशीच्या घरात होतं.

मिस्टर मात्र बाहेर निघून गेले. अर्ध्या तासाने शहाळं घेऊन आले. ते माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "मला तरी सांगायचं." त्यांना राग गोळ्यांचा नव्हता. तीन महिने मी त्यांच्याच घरात त्यांच्यापासून काहीतरी लपवत होते, त्याचा होता. ते बरोबर होतं. मी मान खाली घालून शहाळं प्यायले.

---

दुसऱ्या दिवशी जे औषध देणार होते, ते मॅडमनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. मी वैद्यकीय शिकलेली नाही, तेव्हा मला समजलं तसं लिहिते.

औषधाचं नाव फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. लोह शरीराला हवं असतं, पण उघडं लोह थेट रक्तात सोडलं तर ते अंगाला बाधतं. पूर्वीच्या काही इंजेक्शनांनी म्हणूनच जास्त त्रास व्हायचा. आता लोहाचा अगदी बारीक कण घेतात आणि त्याच्याभोवती साखरेच्या जातीच्या पदार्थाचं वेष्टण करतात. हा कण आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान असतो. इतक्या लहान मापात औषध घडवायचं, म्हणजे नॅनोटेक्नॉलॉजी. शिरेतून गेलेले हे कण यकृतातल्या आणि प्लीहेतल्या पेशी गिळतात, वेष्टण उलगडतात आणि आतलं लोह लागेल तसं हळूहळू सोडतात. ते हाडांच्या मगजात जातं आणि तिथे नवं रक्त तयार होतं.

"म्हणजे पोटाला कळतच नाही?" मी विचारलं.

"नाही. पोटाला यात कामच नाही. गोळीतलं लोह आतडी थोडंथोडंच उचलतात, उरलेलं त्रास देतं. इथे महिन्यांचं लोह एका बैठकीत जातं."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "पानात बांधून वाफवतो तसं. पान काढल्याशिवाय आतलं लागत नाही."

"अगदी तसंच, आजी," मॅडम म्हणाल्या.

हेही सांगितलं की हे औषध पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. क्वचित कुणाला अ‍ॅलर्जी होते, म्हणून ते रुग्णालयातच, सगळी तयारी ठेवून देतात. आणि शिरेच्या बाहेर सांडलं तर कातडीवर डाग पडतो, तो लवकर जात नाही. "जरा जरी आग झाली तरी सांगायचं. लाजायचं नाही," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, हे वाक्य खास माझ्यासाठी आहे.

सकाळी दहाच्या सुमारास बाटली लावली. सलाईन म्हणजे पाण्यासारखं, हे आपल्या डोळ्यांना सवयीचं. ही बाटली काळपट तांबडी, कोऱ्या कडक चहासारखी. सासूबाई एकदम उठल्या. आमच्याकडे बायका मानतात की लोहाच्या गोळ्यांनी मूल काळं होतं. इथे तर बाटलीच काळी.

"पोरगं कोळसा होईल गं!"

सिस्टरनी त्यांना शेजारी बसवलं. "आजी, लोखंडाचा रंग असाच. बाळाचा रंग आईबापाकडून येतो. तुमच्याकडूनही येईल थोडा."

सासूबाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "मग गोरं व्हायची आशा सोडा," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली.

सिस्टर बाजूला बसून माझी नाडी बघत होत्या. टेबलावर इंजेक्शनांचा ट्रे तयार होता. त्या ट्रेकडे मी सारखी बघत होते. पाच मिनिटं झाली. अंगाला थोडी ऊब आली, जिभेवर जरा धातूची चव आली. सिस्टर म्हणाल्या, असं होतं. मग डाव्या मनगटाजवळ, सुईच्या वर, मुंगी चावल्यासारखं झालं. मग थोडी आग.

आणि बघा माणसाचा स्वभाव. माझ्या मनात पहिला विचार आला की जाऊ दे, थोडंच उरलंय, उगाच कशाला सांगायचं. लोक म्हणतील, हिचं एकेक नवीन. मी दोन-तीन श्वास तशीच राहिले. मग सासूबाईंकडे नजर गेली. त्या माझा पाय धरून बसल्या होत्या.

"सिस्टर, इथे आग होते."

त्यांनी क्षणात बाटली बंद केली. सुई थोडी सरकली होती. कातडीखाली थेंबभर औषध आलं होतं. सुई काढली, उजव्या हाताला नवीन शीर शोधली आणि उरलेलं हळूहळू दिलं. बाटली संपल्यावर अर्धा तास मला झोपवून ठेवलं, दोनदा बीपी घेतलं, बाळाचे ठोके ऐकवले. धाडधाड धावत होते.

"वेळेवर बोललात," सिस्टर म्हणाल्या. मनगटावर मसुराएवढा तपकिरी डाग राहिला. अजून आहे, फिका झालाय.

---

आठवड्याने दुसरी बाटली झाली. ती काहीही न होता गेली. त्याच दिवशी रक्त तपासलं. सहा पॉइंट नऊ.

मी हिरमुसले. एवढं सगळं करून अर्धाच पॉइंट. मॅडम म्हणाल्या, "लोह पोचलंय. आता मगजाला कामाला वेळ द्या. आजच सगळं मागू नका त्याच्याकडे."

मला आधी जाणवलं ते आकड्यात नव्हतं. दहा-बारा दिवसांनी मी दुपारी तांदूळ निवडत होते. सूप रिकामं झालं, डबा भरला, आणि माझ्या लक्षात आलं की मी एकही दाणा तोंडात टाकला नाही. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, कच्चे तांदूळ, माती, खडू खावासा वाटणं हे लोह कमी असल्याचंच लक्षण असतं. त्याला पायका म्हणतात. ते डोहाळे नव्हतेच.

तीन आठवड्यांनी आठ पॉइंट आठ. पुढच्या तपासणीला साडेनऊ. नववा लागला तेव्हा दहा पॉइंट सहा. घरी नागलीची भाकरी, शेवग्याचा पाला, बाजारातून आणलेली सुकट, हे चालूच होतं. मिस्टर कामावरून आले की आधी विचारायचे, "आज काही लपवलंस का?" सुरुवातीला ते वाक्य टोचायचं. नंतर आम्ही दोघंही हसायला लागलो.

सासूबाई बीपीची गोळी आता माझ्यासमोर घेतात आणि तोंड उघडून दाखवतात.

---

बाळंतपण डहाणूलाच झालं. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपारी दोनच्या आसपास मुलगी झाली. रडली, तिला माझ्या छातीवर ठेवलं. मला वाटलं, संपलं.

मग सिस्टरांची पावलं भरभर व्हायला लागली. कुणीतरी मॅडमना हाक मारली. वार पडली होती, पण गर्भाशय आवळत नव्हतं आणि रक्त थांबत नव्हतं. याला पीपीएच म्हणतात, म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव. आशांच्या प्रशिक्षणात आम्हाला यावर एक अख्खा दिवस शिकवलं होतं. खाटेवर पडून मला त्यातला एकच शब्द आठवत होता, तो म्हणजे 'वेळ'.

मॅडमनी पोटावर हात दाबून धरला. दंडात इंजेक्शन, दोन्ही हातांना सलाईन, मांडीत आणखी एक इंजेक्शन. "जयवंती, माझ्याशी बोलत राहा. मुलीचं नाव काय ठेवणार?"

"ठरवलं नाही," मी म्हणाले. माझे दात वाजत होते. "मॅडम, मी मरत नाही ना?"

"मी दाबतेय ते दुखतंय का?"

"खूप."

"मग छान. ओरडा."

मी ओरडले. किती वेळ गेला ते कळलं नाही. मग त्यांचा हात हलका झाला. "आवळलं," त्या म्हणाल्या आणि बाहीने कपाळ पुसलं. रक्ताची पिशवी मागवून ठेवली होती. ती लावावी लागली नाही.

संध्याकाळी त्या खाटेशी आल्या. मी विचारलं, "मॅडम, माझं सहाच असतं तर?"

"तर मी आत्ता इथे शांतपणे उभी नसते," त्या म्हणाल्या. "वाचवायचा प्रयत्न केलाच असता. पण हातात फार थोडं असतं."

बाहेर मिस्टर मुलीला घेऊन उभे होते. सासूबाई तिचा चेहरा उजेडाकडे करून बघत होत्या. मुलगी सासूबाईंवर गेली होती, रंगानेसुद्धा.

---

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला गोळ्या सोसत नसतील तर मी एवढंच सांगेन. ज्यांना सोसतात त्यांच्यासाठी गोळ्याच चांगल्या, बहुतेकींचं काम त्यावरच भागतं. पण नाही सोसल्या तर गप्प बसू नका. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, आणि गरज असेल तर वाटही बदलता येते. डॉक्टर आपल्याला जे सांगतात ते आपण त्यांना जे सांगितलं त्यावरच उभं असतं. माझ्या एका 'हो'मुळे मी हाडात सुई घ्यायला निघाले होते. ज्यांनी ते लोह एवढ्याशा वेष्टणात बसवायची विद्या शोधली ते कोण, कुठले, मला माहीत नाही. त्यांना आणि त्या दवाखान्यातल्या सगळ्यांना माझा हात जोडून नमस्कार. पण ती विद्या माझ्यापर्यंत पोचली ती मी तोंड उघडल्यावर.

मुलगी चार महिन्यांची झाल्यावर मी पुन्हा कामावर गेले. पहिलीच बैठक अंगणवाडीच्या ओट्यावर होती. आठ-नऊ बायका आल्या होत्या. नेहमीची माहिती सांगायची होती. मी उभी राहिले आणि आधीच सांगून टाकलं, "मागच्या वेळी मी गोळ्या खाल्ल्या नव्हत्या. तुम्हाला दटावत होते आणि स्वतःच्या पुरत होते."

आधी कुणाला कळेना, हसावं की काय. मग मागून एक जण म्हणाली, "मी कोंबड्यांना घातल्या. त्यापण खात नाहीत." सगळ्या एकदम हसल्या. मग एकीने सांगितलं, तिची जाऊ दोघींच्याही गोळ्या विहिरीत टाकते. कुणी कौलात खोचून ठेवते. मी नऊ वर्षं या बायकांच्या घरी जात होते.

सुनीता नावाची बावीस वर्षांची एक मुलगी एवढा वेळ खांबाला टेकून बसली होती. तिला सातवा महिना होता, पहिलटकरीण. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "ताई, मला नुसत्या वासाने उलटी होते. कधीचं सांगायचं होतं, पण भीती वाटायची."

"कुणाची गं? सासूची?"

तिने नकारार्थी मान हलवली. ओट्यावरच्या बाकीच्या बायका खाली बघायला लागल्या.

"तुमची," सुनीता म्हणाली.

मी तिच्याजवळ गेले, तिची पापणी खाली ओढून पाहिली. आतून पांढरीफटक. मी मिस्टरांना तिथूनच फोन लावला की आज मुलीला तुम्ही सांभाळा, मी डहाणूला जाते आहे. तासाभरात आम्ही दोघी निघालो. गाडीत सुनीता खिडकीशी बसली होती. तळासरी मागे पडल्यावर तिने हळूच विचारलं, "तिथे गेल्यावर मी काय सांगू?"

"मला सांगितलंस तेच," मी म्हणाले.